पाठीवरचा सहा

उभं आयुष्य मी लोकांच्या पाठीवर लिहिलं. ज्यांच्या पाठीवर लिहिलं त्यांना ते कधी दिसलं नाही, आणि ज्यांना दिसलं त्यांनी लिहिणारीचा विचार केला नाही. आमच्या धंद्यात हे असंच असायला हवं. नंबर वाचायला कुणी थांबलं, डोळे बारीक केले, शेजाऱ्याला विचारलं, की समजायचं आपलं काम बिघडलं.

जबलपूरला कमानिया गेटजवळ भांड्यांच्या दुकानांच्या रांगेत एक अरुंद जिना वर चढतो. त्या जिन्यावरच्या खोलीत माझं दुकान होतं. खेळाडूंच्या जर्सीवर नावं आणि नंबर लावून द्यायचे, एवढंच काम. आता दुकान रफीकभाईंच्या हवाली केलंय. आकडे कापडावर चिकटवायची गरम प्रेस पहिल्यापासून त्यांच्याच हातात. कापडाला नुसता हात लावून ते सांगत, "मैडम, ये ज़्यादा गरमी नहीं सहेगा."

मी मूळची ड्रॉइंगची. परीक्षा दिल्या होत्या, शाळेत नोकरी लागेल असं वाटत होतं, ती काही लागली नाही. आमचे हे संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत. त्यांच्या सेक्शनची क्रिकेटची टीम निघाली तेव्हा यांनी पांढऱ्या बनियनांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. "तुझं अक्षर चांगलं आहे, नंबर काढून दे." मी जुन्या एक्स-रेच्या फिल्म कापून साचे केले आणि स्पंजाने रंग थोपटला. धुतल्यावर रंग टिकला. मग दुसऱ्या सेक्शनचे लोक आले, मग रेल्वेवाले, मग शाळा. साच्यांनंतर जाळीची छपाई आली, मग मशीनवर कापलेले चिकट आकडे, आता तर रंग थेट धाग्यातच मुरवतात. यंत्रं बदलत गेली तरी पाठ तीच राहिली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नंबर म्हणजे नंबर, त्यात काय आहे? पण पाठ ही भिंत नाही. ती वाकते, वळते, घामाने कापड तिला चिकटतं आणि बरोबर मधोमध चुणी पडते. कागदावर देखणा दिसणारा आकडा त्या चुणीत गेला की त्याचा चेहरा बदलतो. त्यात तीन, सहा, आठ आणि नऊ ही मंडळी फार दगाबाज. जरा तोंड मिटलं की सगळ्यांचा आठ होतो. म्हणून मी सहाची मान मागे ताणून उघडी ठेवायची, पोट जरा खाली बसवायचं. तीनची दोन्ही तोंडं चांगली वासलेली. रेषा अंगठ्याएवढी जाड, उंची वीतभर तरी. फिक्या कापडावर गडद, गडद कापडावर पांढरा. मधला मार्ग नाही. मरून रंगावर काळा नंबर फोटोत फार रुबाबदार दिसतो, पण मैदानात तो कुणालाच सापडत नाही.

आमची परीक्षासुद्धा घरगुती होती. रफीकभाई जर्सी घालून गल्लीत उतरायचे, पार उसाच्या रसवाल्यापलीकडे जायचे, तिथे पळायचे, वाकायचे, वळायचे. मी वरच्या खिडकीतून नंबर ओरडायची. सुरुवातीला गल्ली हसायची. नंतर नंतर समोरचा पानवाला माझ्याआधी ओरडायला लागला, "तेईस!" तो बरोबर बोलला की माल पास.

गिऱ्हाइकांचे नमुने पुष्कळ पाहिले. टेनिस बॉलच्या क्रिकेटचा एक कप्तान आला होता. त्याला नंबरांना आग लागलेली हवी होती. "दीदी, लपटें उठती दिखनी चाहिए." मी समजावलं, तो ऐकेना. मी मन लावून आग काढली, खोटं कशाला बोलू, मजा आली. सामन्यात मायकवर बोलणाऱ्याला एकही आकडा वाचता येईना. तो बिचारा "आगवाला लंबू", "आगवाला मोटू" असंच सांगत राहिला, आणि प्रेक्षकांनी ती नावं कायमची केली. पुढच्या वर्षी कप्तान जिना चढून आला आणि मान खाली घालून म्हणाला, "दीदी, आग थोड़ी बुझा दो."

आणि तिलवाऱ्याकडच्या कबड्डीच्या पोरांना नावं देवनागरीत हवी होती. इंग्रजीपेक्षा हे काम अवघड. शिरोरेषा जाड केली तर खांद्यावर पट्टा बांधल्यासारखी दिसते, बारीक केली तर अक्षरं सुटी पडतात. लांबून 'भ'चा 'म' होतो, 'घ'चा 'ध' होतो, आणि त्यांच्या सगळ्यात चांगल्या चढाईवाल्याचं नाव नेमकं घनश्याम. मी त्या 'घ'वर पुन्हा पुन्हा बसले. मधली दुमड मोठी केली, वरचं तोंड शिरोरेषेला घट्ट टेकवलं. सामन्यानंतर त्याची आई त्याच्याबरोबर दुकानात आली. काही घ्यायचं नव्हतं. "अंग्रेज़ी में होता तो मैं क्या पढ़ती? दूर से पढ़ लिया, मेरा घनश्याम है," एवढंच सांगायला ती जिना चढली होती.

पण मला जे मनापासून सांगायचं आहे ते यातल्या कुठल्याच कामाचं नाही. ते एका मुलीचं आहे.

शैलाताई घोडके शहपुऱ्याच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका. राहायला जबलपुरात, आमच्याच ओळखीतल्या, रोज बसने शहपुऱ्याला जायच्या. कॉलेजात असताना स्वतः हॉकी खेळलेल्या. त्यांनी तिथल्या मुलींच्या हातात स्टिक दिली, खाचखळग्यांच्या मैदानावर त्यांना तयार केलं, आणि त्या मुली राज्याच्या स्पर्धेपर्यंत पोचल्या. स्पर्धा जबलपूरलाच होती. त्याच्या आठवडाभर आधी शैलाताई एक गठ्ठा घेऊन दुकानात आल्या.

"वहिनी, जरा हे पाहून सांगा बरं."

एका बिल्डरने मुलींना जर्सी आणि बूट भेट दिले होते. जर्सी बाहेरून छापून मागवलेल्या. आभाळी रंगावर चंदेरी आकडे, बारीक, तिरके, आणि प्रत्येक आकडा मधून सुरीने चिरल्यासारखा. फॅशन होती तशी.

"दिसतात तर छान," मी म्हटलं.

"छान दिसून काय करता? वाचता येतात काय?"

जर्सी रफीकभाईंच्या अंगात बसण्यासारखी नव्हती. त्यांनी सहा नंबरची घेतली आणि रसवाल्याच्या टपरीला टांगली. पानवाला बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आठ." मग म्हणाला, "शायद."

मी शैलाताईंना म्हटलं, "ठेवून जा. बदलून देते." त्यांनी तिथूनच बिल्डरला फोन लावला. तो म्हणाला, पेपरात फोटो यायचा आहे, जर्सी आहे तशीच दिसली पाहिजे, हात लावू नका. शैलाताईंनी फोन ठेवला आणि एकेक जर्सी नीट घडी घालून परत गठ्ठ्यात ठेवली.

"यातल्या अर्ध्या पोरी आजपर्यंत अनवाणी खेळून राहिल्या होत्या, वहिनी. बूट त्याच माणसाने दिले. मी काय बोलू त्याला?"

मी सुतळी काढली आणि गठ्ठा बांधून दिला.

ते आकडे डोक्यातून जाईनात म्हणून उपांत्यपूर्व सामन्याला मी मैदानावर गेले. शैलाताईंनी मला त्यांच्या बाकाजवळच बसवलं. त्यांच्या संघात दोन मुली होत्या, एकाच गावच्या, एकाच अंगकाठीच्या, दोघींच्या वेण्या सारख्याच वर बांधलेल्या. सहा नंबरची सरिता धुर्वे मधल्या फळीत खेळायची, आठ नंबरची पूनम बचावात. सरिताचा खेळ हॉकीतलं फारसं न कळणाऱ्या मलाही कळत होता. चेंडू तिच्याकडे आला की बाकीच्यांची धावपळ जरा शांत व्हायची.

"हिच्यासाठी माझा जीव टांगणीला लागला आहे," शैलाताई म्हणाल्या. "सेमीफायनलला मोठ्या क्रीडा वसतिगृहाची माणसं येऊन राहिली. निवडली गेली तर राहणं, जेवण, शाळा, चांगलं मैदान, सगळं त्यांचं. हिची आई शहपुऱ्याच्या बाजारात भाजी विकते. हिला दुसरी अशी संधी कुठली?"

सामना संपत आला होता आणि आमच्या मुली एका गोलने पुढे होत्या. समोरच्या संघाची एक मुलगी चेंडू घेऊन गोलकडे सुसाट आली. चार-पाच जणी एकमेकींवर आदळल्या. चेंडू गर्दीतून बाहेर गेला, आणि तो गेल्यानंतर कुणाची तरी स्टिक त्या मुलीच्या घोट्यावर मागून बसली. ती किंचाळून खाली पडली.

पंच होते मुळे सर. रेल्वेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. ते मैदानाच्या लांबच्या बाजूला होते. शिट्टी वाजवत पळत आले, तोवर सगळ्या मुली इकडच्या तिकडे झाल्या होत्या. त्यांनी लाल कार्ड काढलं.

"आठ नंबर. बाहर."

पूनम गडबडली. "सर, मैं तो उधर थी."

"मैंने नंबर देखा है, बेटा. बाहर जाओ."

लाल कार्ड म्हणजे तो सामना तर गेलाच, पुढचाही गेला. पूनम डोळे पुसत बाहेर आली आणि टॉवेलात तोंड खुपसून बसली. सरिता जिथल्या तिथे उभी होती, जमिनीकडे बघत. खेळ पुन्हा सुरू झाला, थोड्याच वेळात संपला, आमच्या मुली जिंकल्या आणि त्यांनी मैदानात एकच नाच सुरू केला.

त्या नाचात सरिता नव्हती. ती सरळ पंचांच्या टेबलाकडे चालली होती. शैलाताईंनी ते पाहिलं आणि त्या मागे निघाल्या. त्यांच्यामागे मी.

"सर," सरिता म्हणाली, "वो मैंने मारा था. पूनम ने नहीं."

मुळे सरांनी चष्मा काढला. "क्या बोल रही हो, समझ रही हो ना? सेमीफ़ाइनल में बाहर बैठना पड़ेगा."

"जी."

"कैसे मारा?"

"गेंद निकल गई थी, सर. उसने पहले मुझे कोहनी मारी थी, मुझे गुस्सा आ गया." मग जरा थांबून ती म्हणाली, "सबके सामने उसी टाइम बोलना था. मुँह से निकला नहीं."

टेबलावरचा एक माणूस हळूच म्हणाला, मॅच संपली आहे, कार्ड देऊन झालं आहे, कशाला उकरता? मी शैलाताईंकडे पाहिलं. या मुलीसाठी यांचा जीव टांगणीला लागला आहे हे मला माहीत होतं. त्यांनी नुसती मान हलवली असती तर पोर गप्प बसली असती. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते आणि हात सरिताच्या पाठीवर ठेवला होता.

मुळे सर उठले. त्यांनी पूनमला बोलावलं, दोघींना पाठमोरं उभं केलं, आणि स्वतः चालत मैदानाच्या पार त्या टोकाला गेले, शिट्टी वाजवली तेव्हा जिथे होते तिथे. तिथून ते बराच वेळ बघत राहिले. मग परत तेवढंच चालत आले.

"चूक माझी आहे, घोडके मॅडम," ते मराठीत म्हणाले. "सहाचा मी आठ वाचला. ठाऊक असूनही मला तिथून आत्ता फरक दिसला नाही. मग तेव्हा मी कशाच्या भरवशावर कार्ड काढलं?"

पंचाने चूक कबूल करणं मी आधीही पाहिलं होतं, पण चहा पिताना, चार माणसांत. मुळे सरांनी मायक हातात घेतला. सगळ्या मैदानाला सांगितलं की आठ नंबरच्या खेळाडूचा दोष नव्हता, पंचाची चूक झाली, आणि ज्या खेळाडूची चूक होती तिने स्वतः येऊन सांगितलं आहे. मग पूनमपाशी जाऊन म्हणाले, "बेटा, माफ़ करना." ती इतकी घाबरली की तिने त्यांच्या पायांनाच हात लावला.

सरिताचं कार्ड सरिताला लागलं. नियम नियम आहे. स्पर्धेच्या समितीने दुसरंही एक सांगितलं, ते बरं झालं: नंबर वाचता येतील अशा जर्सी असल्याशिवाय या संघाला पुढे खेळता येणार नाही. आता बिल्डरला विचारायचा प्रश्न उरला नव्हता.

"वहिनी, परवा सामना आहे. होऊन जाईल काय?" शैलाताईंनी विचारलं.

"परवा काहून? आज दिवेलागणीपर्यंत करून देते. चला."

जुने आकडे धाग्यात मुरलेले होते, ते निघण्यासारखे नव्हते. आम्ही गडद निळ्या कापडाचे चौकोन कापले, जिन्याखालच्या शिंप्याने ते जर्सीच्या पाठीवर शिवले, आणि त्यावर मी पांढरे आकडे मांडून दिले. रफीकभाई प्रेसवर. शैलाताईंबरोबर गठ्ठा उचलायला सरिता आली होती. ती जमिनीवर बसून आकड्यांचे मागचे कागद सोलून देत होती. काम नेटकं. तिची जर्सी हातात घेतली तशी ती म्हणाली, "आंटी, मेरी रहने दो. मैं तो बाहर हूँ."

"एक ही मैच बाहर हो. नंबर तो तुम्हारा है," मी म्हटलं, आणि तिचा सहा मांडायला घेतला. मान मागे ताणलेली, तोंड उघडं. ती बघत होती. मला राहवलं नाही. मी विचारलं, "किसी को पता नहीं चलता, बेटा. फिर काहे को बोल दिया?"

तिला प्रश्नच जरा नवा वाटला असावा. थोडा विचार करून म्हणाली, "आंटी, हम दोनों एक ही बस से घर जाते हैं. एक ही सीट पे."

रफीकभाईंनी प्रेस वर उचलली होती, ती तशीच धरून ठेवली. मग ते म्हणाले, "मैडम, इसका मैं सबसे आख़िर में करूँगा. आराम से."

उपांत्य सामना आमच्या मुली हरल्या, एकाच गोलने. पूनम जीव तोडून खेळली, पण मधल्या फळीत सरिता नव्हती, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. सरिता बाटल्या भरत, टॉवेल देत, बाकावरून ओरडत होती. वसतिगृहाची मंडळी समोरच्या मंडपात बसून मुली निवडत होती. तिच्याकडे बघायचं त्यांना कारणच नव्हतं. सामना संपल्यावर शैलाताई म्हणाल्या, "जाऊ द्या, वहिनी," आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या क्रमांकाचा सामना होता. अशा सामन्याला कोण येतं? आयोजकसुद्धा खुर्च्या आवरायला लागलेले असतात. मी गेले, कारण त्या सहाला पळताना बघायचं होतं. मुळे सरही आले होते. त्या दिवशी त्यांच्याकडे शिट्टी नव्हती, साधा सदरा घालून आले होते. त्यांच्याबरोबर वसतिगृहाच्या निवड समितीतल्या एक बाई होत्या, पूर्वीच्या खेळाडू. मुळे सर सकाळीच त्यांच्या मुक्कामावर गेले होते, हे मला मागाहून कळलं. बाईंची गाडी दुपारची. "मग एक सामना पाहून जा," एवढंच ते म्हणाले. कुठली मुलगी बघायची, असं बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "ते मी नाही सांगणार. पंच आहे मी. तुम्हीच पाहा."

बाई आमच्यापासून थोड्या अंतरावर कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या, मुळे सर त्यांच्या शेजारी. सामना सुरू झाला. सरिता त्या दिवशी जशी खेळली ते मला लिहिता येणार नाही, मला हॉकीचे शब्द येत नाहीत. एवढं सांगते, की थोड्या वेळाने कुंपणापाशी उभी असलेली अनोळखी माणसं "छह को दो! छह को दो!" असं ओरडायला लागली. कुणी डोळे बारीक केले नाहीत, कुणी शेजाऱ्याला विचारलं नाही. माझ्या कामाची याहून मोठी पावती मला मिळाली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. आमच्या मुली जिंकल्या. सरिता त्या वसतिगृहात गेली, तिथून रेल्वेत लागली, अजून खेळते. पूनम शहपुऱ्याला मुलींना शिकवते, शैलाताईंच्याच मैदानावर. मी दुकान सोडल्याचं मला फारसं दुःख नाही, हल्लीची यंत्रं जे रंग काढतात ते मला स्वप्नातही सुचले नसते. हळहळ एवढीच, की आता जाहिरातवाल्यांची नावं मोठी होत चालली आहेत आणि नंबर त्यांच्याखाली अंग चोरून बसतात.

त्या सकाळी सामना संपायच्या जरा आधी निवड समितीच्या बाईंनी, नजर मैदानावरून न काढता, विचारलं, "वो छह नंबर कौन है?"

शैलाताईंनी तोंड उघडलं होतं. पण मुळे सर त्यांच्याआधी बोलले.

"सरिता धुर्वे," ते म्हणाले. "शहपुरा की."